वालूरचा हंगामाचा सण, आणि पुढे ट्रॉलीतून गंगाखेड

सेलू

दिवाळीच्या सुट्टीत माणसं महाबळेश्वरला जातात, फार तर कोकणात उतरतात. मी वालूरला चालले आहे म्हटल्यावर आमच्या नगरच्या शेजारणींनी आधी ते कुठे आहे हे विचारलं आणि मग का, हे विचारलं. परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, एवढं उत्तर पहिल्या प्रश्नाला पुरलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नव्हतं. परत आल्यापासून मात्र जो भेटेल त्याला देते आहे, आणि सांगता सांगता मला इतकं हसू येतं की लोक अर्ध्यातच चहा टाकायला उठतात. म्हणून लिहून काढते.

मी शाळेत शिकवते. शाळेबाहेर माझं एकच वेड आहे, आमच्या चर्चचा तरुण संघ. कॉलेजातली, नुकती नोकरीला लागलेली, नुकती लग्न झालेली मुलं-मुली धरून आणायची, त्यांना उपासना चालवायला लावायचं, आजाऱ्यांच्या घरी पाठवायचं, चार माणसांपुढे उभं राहून प्रार्थना करायला शिकवायचं. एका लग्नात वालूरची रेश्मा भेटली. तेवीस-चोवीस वर्षांची, डोळ्यांत विलक्षण चमक. तिने माझा नंबर घेतला आणि मग दर पंधरवड्याला फोन. त्यांच्या गावी लहानशी मंडळी आहे, पाळकसाहेब परभणीहून महिन्यातून एकदा येतात, बाकीचे रविवार तिचे सासरे शलमोन आबा एकटेच सांभाळतात. तरुण पोरं मागच्या रांगेत बसतात आणि 'आमेन' पुटपुटतात. "मावशी, पोरं लय चांगली हायती," ती म्हणायची, "फकस्त त्यांना कुणी उठ म्हणत न्हाई." दिवाळी झाली की निम्मी तरुण जोडपी ऊसतोडीला जाणार होती. त्याआधीच्या रविवारी हंगामाचा सण, म्हणजे नव्या पिकातला वाटा देवाला वाहायचा दिवस, ठरला होता. मी तीन दिवस आधी येऊन मुलांना तयार करायचं आणि रविवारी उपदेश करायचा, असं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी तिने फोनवर सांगितलं, "सकाळी उतरल्या उतरल्या सुशीला हाय बरं." मी म्हटलं, हो, हो, भेटू की. वाटलं, कोणी महिला संघाची कार्यकर्ती असेल. तिच्यासाठी नगरहून एक छान रुमालांचा जोड घेतला.

मनमाडला गाडी बदलून सेलूला उतरले. स्टेशनबाहेर रेश्मा उभी होती, आणि तिच्याशेजारी दाविद नावाचा एक उंच, सावळा तरुण. मी इकडे तिकडे पाहून विचारलं, "सुशीला कुठे आहे?" रेश्माने हातातला डबा उघडला. आत फोडणीत परतलेले मुरमुरे, वर शेंगदाणे, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. ही सुशीला. स्टेशनच्या बाकावर बसून मी सुशीला खाल्ली आणि रुमालांची हकीकत सांगितली. रेश्मा हसून हसून बाकावर आडवी झाली. दाविद हसला नाही, पण त्याने तोंड वळवून बराच वेळ रुळांकडे पाहिलं.

सेलू म्हणजे कापसाचं गाव. बाजाराच्या रस्त्याला कापसाने ठासून भरलेले टेम्पो उभे होते, आणि दुतर्फा बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकले होते, जणू त्या झाडांनाच बोंडं धरली आहेत. दाविद मुळात सेलूला आला होता तो मंडळीची पेटी दुरुस्तीहून न्यायला. रेश्माची स्कूटी, तिच्यावर माझी बॅग. दाविदची मोटरसायकल, तिच्यावर मी, आणि माझ्या मांडीवर पेटी. भात्याचा खिळा निसटलेला होता. प्रत्येक खड्ड्याला पेटी मोठा उसासा टाकायची, आणि मोठ्या खड्ड्याला दोन-तीन सूर एकदम. वालूर येईपर्यंत दाविद एकंदर जितकं बोलला त्याच्यापेक्षा पेटी कितीतरी जास्त बोलली. वाटेतली माणसं थांबून आमच्याकडे बघत होती. मी चोपन्न वर्षांची बाई, आणि मला शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं वाटत होतं.

वालूर

आमच्या नगरच्या चर्चमध्ये बाकं आहेत, पंखे आहेत, पाळकसाहेबांचा पांढरा झगा आहे, आणि पाच मिनिटं उशीर झाला तर मागे वळून बघणारे डोळे आहेत. वालूरच्या मंडळीचं मंदिर म्हणजे चुन्याने रंगवलेली एक लांब खोली, वर पत्रे, दारात कडुलिंब. लिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला, तीच घंटा. चपला बाहेर काढायच्या आणि सतरंजीवर बसायचं, पुरुष डावीकडे, बाया उजवीकडे. आम्ही नगरला एकमेकांना 'सलाम' म्हणतो, तिथे दोन्ही हात जोडून 'जय ख्रिस्त'. पहिल्या दिवशी मी सवयीने सलाम केला की समोरचा हात जोडायचा, मग मी हात जोडायचे तोवर समोरचा माझ्यासाठी सलाम करायचा. दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही करू लागलो.

शलमोन आबा सत्तरीच्या पुढचे. काटक, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, गुडघे दुखत असल्यामुळे चालताना किंचित डावीकडे झुकणारे. मंडळीचे पंच तेच, गायन सांगणारे तेच, शास्त्र वाचणारे तेच, सतरंज्या झटकणारेही तेच. त्यांनी माझं फार अगत्याने स्वागत केलं. रेश्माने ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि येसराची आमटी वाढली. भाजून दळलेल्या धान्याच्या मसाल्याची ती दाट आमटी इतकी झणझणीत होती की माझ्या कानांतून वारं जात असल्यासारखं वाटलं, तरी मी तिसऱ्यांदा घेतली. जेवताना आबांनी मला सांगितलं की पोरांना काय शिकवायचं ते शिकवा, गाणी म्हणून घ्या, खेळ घ्या. "फकस्त व्यासपीठाचं मी बघतो. ते काय खेळायची जागा न्हाई." रेश्माने भाकरी थापता थापता माझ्याकडे एक कटाक्ष टाकला आणि पुन्हा खाली पाहिलं.

दुपारी डझनभर मुलं-मुली जमली. मी विचारलं, सुरुवातीची प्रार्थना कोण करेल? सगळे सतरंजीच्या पट्ट्या मोजू लागले. असं हे नगरलाही होतं, पण तिथे कोणीतरी निदान खोकतो.

मग मी माझी ठरलेली शिकवणी बाजूला ठेवली आणि म्हटलं, मला तुमचं गाव दाखवा. ते मात्र सगळ्यांना येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला गावची बारव दाखवायला नेलं. अशी बारव मी कुठे पाहिली नाही. पायऱ्या सरळ खाली जात नाहीत, गोल फिरत फिरत उतरतात, शंखाच्या आत शिरल्यासारख्या, आणि सगळ्या बाजूंनी सारख्याच दिसतात. मी उत्साहाने पुढे झाले, पाण्यापर्यंत पोहोचले आणि वर पाहिलं तर आपण कुठून आलो ते कळेना. डोकं गरगरत होतं. ज्या बाजूने चढायला लागावं तिथून कोणीतरी ओरडायचं, "मावशी, तिकडून न्हाई." मग दुसरीकडून दुसरा. शेवटी मी पायरीवर बसकण मारली आणि जाहीर केलं की आता शिबिर इथेच.

आणि गंमत म्हणजे तिथे मुलं बोलायला लागली. कोणी वरच्या पायरीवर, कोणी खालच्या, कोणाचं तोंड कोणाकडे नाही. एक मुलगी म्हणाली की तिला आजारी माणसांच्या घरी जायला आवडतं पण बोलावं काय ते सुचत नाही. एकाला ढोलकी येत होती, पण तो घरी फक्त पिंपावर वाजवायचा. मग दाविद बोलला. तो आणि त्याची बायको सविता दरवर्षी गंगाखेडकडे ऊसतोडीला जातात. तळावर रविवार नसतो. कारखान्याची गाडी आली की भरायची, दिवस कोणताही असो. "सहा महिने आमची मंडळी म्हंजे आमी दोघंच," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "संध्याकाळी पाचटाच्या कोपीत मी एक गाणं म्हणतो. ही म्हणती, मोठ्यानं म्हणा की. मला लाज वाटती. आजूबाजूला चार घरं अजून आपली हायती, पण कुणी कुणाला बोलवत न्हाई."

मी विचारलं, का बोलवत नाही?

"आबांनी सांगितलं न्हाई," तो म्हणाला.

कुजबुज

यंदा पाऊस लांबल्यामुळे सोयाबीनची मळणी मागे पडली होती. शनिवारी सकाळी आम्ही सणासाठी मंदिर झाडत होतो आणि शेजारच्या शेतात मळणीयंत्र सुरू झालं. भुस्काटाचा पिवळा ढग थेट दारातून आत. त्या आवाजावरून मी मुलांना सूचना देत होते, म्हणजे खरं तर किंचाळत होते. दारात उसाची कमान बांधा, भोपळे डावीकडे, ज्वारीची कणसं वर. दुपारी जेवायला बसले, मीठ मागायला तोंड उघडलं, आणि आतून काहीच आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला तर एक बारीक शिट्टी आली.

रेश्माने हळद-मिठाच्या गुळण्या दिल्या, तुळशीचा काढा दिला. शेजारून कोणी ज्येष्ठमध पाठवलं. काहीही उपयोग झाला नाही. नगरहून उपदेश करायला आलेल्या बाईंचा आवाज बंद. एरवी मी रडले असते. पण त्या सगळ्या धावपळीत, घशावर ओला फडका बांधून बाजेवर बसलेली मी, मला आपलंच हसू यायला लागलं, आणि ते हसूसुद्धा फुसफुस असं यायचं.

आबा येऊन शेजारी बसले. म्हणाले, उपदेशाची फिकीर करू नका, मी आहे. नेहमीसारखं होईल. मी मान हलवली आणि कुजबुजून सांगितलं की उद्या मुलांना करू द्या. आबा कुजबुजले, "कुणाला?" आता त्यांच्या घशाला काहीच झालेलं नव्हतं. पण कुजबुजणाऱ्या माणसाशी मोठ्याने बोलता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, रेश्माला. रेश्मा तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवले.

आबा कुजबुजत म्हणाले की व्यासपीठाचा मान असतो. मग तसंच हळू त्यांनी खरं कारण सांगितलं. आजवर चार पोरं त्यांनी तयार केली होती. एकाला पेटी शिकवली, एकाला शास्त्र वाचायला, दोघांना उपदेश करायला. चौघेही गेले, कोणी पुण्याला, कोणी हैदराबादला. "शिकवलं की त्यांना पाय फुटत्यात," ते म्हणाले. "मंग मी ठरवलं, खामखा कुणाला तयार करायचंच न्हाई. माझ्यानं होतंय तवर करतो."

रेश्मा सूप खाली ठेवून जवळ आली. तीही कुजबुजत होती. राग चेहऱ्यावर दिसत होता, आवाज मात्र श्वासाएवढा.

"मामा, मी कुठं चालले? लग्न करून इथं आले ती हायच की. मला कधी इचारलं?"

"तू मागितलं न्हाईस."

"तुमी समोरून उठलाच न्हाईत."

आबांना भयंकर राग आला, ते दिसत होतं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. पण कुजबुजत चिडणं फार अवघड असतं. ते एकेक शब्द फुंकरीसारखा काढू लागले, ती तिकडून फुंकरीने उत्तर द्यायला लागली, आणि मी मधे बसून एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होते. तेवढ्यात शेजारच्या पारूबाई वाटीभर दही घेऊन अंगणात आल्या. तिघांना डोकी जवळ आणून कुजबुजताना पाहून त्या जागच्या जागी थांबल्या, पदर डोक्यावर घेतला, आणि अगदी दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

पहिल्यांदा आबा हसले. आधी खांदे हलले, मग टोपी हलली, मग ते एवढ्या मोठ्याने हसले की लिंबावरचे कावळे उडाले. रेश्मा हसत हसत जमिनीवर बसली. पारूबाईंना कळेना, घरात मयत झालं आहे की लग्न ठरलं आहे. डोळे पुसत आबा रेश्माकडे बघत राहिले. तिला ते जणू आत्ताच बघत होते.

"उद्या मी खाली बसतो," ते आता मोठ्याने म्हणाले. "पर घंटा मीच वाजवणार."

हंगामाचा सण

रविवारी सकाळी त्यांनी घंटा वाजवली, आणि अशी वाजवली की गावातली कुत्री ओरडायला लागली. मग ते आत आले आणि गोंधळले. इतक्या वर्षांत ते कायम समोर उभे राहिलेले. खाली कुठे बसायचं असतं हे त्यांना माहीतच नव्हतं. तसेच चालत गेले आणि बायांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत मांडी घालून बसले. बाया सरकून बसल्या. सांगायची कोणाची छाती झाली नाही. उपासना संपेपर्यंत ते तिथेच होते, एका बाजूला पारूबाई, दुसऱ्या बाजूला मी.

ढोलकीवाल्याने पिंप सोडून ढोलकी घेतली होती. आजाऱ्यांना भेटायला आवडणाऱ्या मुलीने प्रार्थना केली. मधेच ती थांबली, आम्हाला वाटलं विसरली, पण ती गावातल्या आजाऱ्यांची नावं आठवत होती. एकेक नाव घेत होती आणि ज्याच्या घरचं नाव येईल तो मान खाली घालत होता. दाविदने गाणं सांगितलं. पहिली ओळ कोणालाच ऐकू आली नाही. दुसरी सविताला ऐकू आली असावी, कारण तिने मागून ती उचलली, आणि मग सगळी मंडळी उठली. दुरुस्त होऊन आलेली पेटी एका सुरावर अडकून बसली होती, तोच सूर सारखा वाजत राहिला, आणि आम्ही सगळे त्याच सुरात गायलो.

मग रेश्मा उभी राहिली. तिच्या हातात कापसाची एक फांदी होती. तिच्यावर एक बोंड पूर्ण फुटलेलं, एक नुकतं चिरलेलं, आणि दोन घट्ट हिरवी.

ती म्हणाली, "आपण सगळे कापूस वेचतो. एका झाडावरची सगळी बोंडं एका दिवशी फुटली असं कुणी बघितलंय का? पहिल्या वेचणीला जे मिटलेलं असतं त्याला कुणी तोडून फेकत न्हाई. आपण म्हणतो, राहू द्या, पुढच्या वेचणीला येईल. पर त्यासाठी पुढची वेचणी करावी लागती. परत त्या ओळीत यावं लागतं. एकदा वेचून गेल्यावर आपण परत आलोच न्हाई, तर ते बोंड फुटून तिथंच वाऱ्यावर जातं. मंडळीतबी तसंच हाय. कुणी आधी फुटतं, कुणी मागून. देव परत परत ओळीत येतो. आपणबी यावं."

एवढंच. तिने अजून बरंच पाठ केलं होतं, तिनेच मला नंतर सांगितलं, पण ते सगळं ती विसरली. आबा माझ्या शेजारी टोपी काढून बसले होते. पारूबाईंनी त्यांना आपल्या पदराचं टोक दिलं, आणि त्यांनी ते घेऊन नाक पुसलं.

त्यानंतर सण. प्रत्येकाने आपापल्या शेतातलं आणलं होतं. बाजरी, भोपळे, पपया, मिरच्यांची टोपली, एक कोंबडी. आमच्याकडे नगरलाही हंगामाच्या सणाला अर्पणाचा लिलाव होतो, पण शिस्तीत. इथे शेजारपाजारची हिंदू मंडळीही हौसेने बोली लावायला आली होती. घेणारा वस्तू घ्यायचा आणि पुन्हा अर्पण म्हणून ठेवायचा, त्यामुळे एकच भोपळा सकाळभर विकला गेला आणि शेवटी जिच्या वेलावरचा होता तिच्याच घरी परत गेला. मधेच कोंबडी सुटली आणि पत्र्याखालच्या तुळईवर जाऊन बसली. दाविद खांबावरून चढला. तो पोहोचला की ती पुढच्या तुळईवर. खाली लहान पोरं टाळ्या वाजवत होती. शेवटी दाविद वरून एकदम मोठ्याने म्हणाला, "सगळे गप बसा, ती घाबरली हाय." सगळे गप्प बसले. त्याने तिला हळूच काखेत घेतलं आणि उतरला. एवढा मोठा आवाज त्याच्यात आहे हे त्याचं त्यालाच नवीन होतं.

आबांच्याही ते लक्षात आलं होतं. त्यांनी दाविदला पुढे बोलावलं, सवितालाही. कोंबडी अजून त्याच्या काखेतच होती. आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मंडळीला सांगितलं की तळावरची उपासना आता दाविद आणि सविता घेतील, आणि इथली रेश्मा. ही नेमणूक आहे, नुसतं सांगणं नाही.

"आबा, मला बोलाय येत न्हाई," दाविद म्हणाला.

"मलाबी येत नव्हतं. लोकं ऐकून ऐकून दमली, मंग यायला लागलं."

गंगाखेड

सोमवारी मला सेलूहून परतायचं होतं. पण सकाळी दारात ट्रॅक्टर उभा राहिला. मागे ट्रॉली, तिच्यात गाठोडी, भांडी, ताडपत्र्या, एक शेळी, कोयते, आणि टोळीतली माणसं. सविता म्हणाली, मावशी, परभणीवरूनच जायलोय, पुढं गंगाखेडला गाडी मिळेल. मी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "जा की. इथं काय ठेवलंय आता, सगळं रेश्माच करायलीय." हे ते फार अभिमानाने म्हणाले.

चोपन्नाव्या वर्षी गोधड्यांच्या ढिगावर बसून मी जिल्हा ओलांडला. दोन्ही बाजूंना पांढरी शेतं, वेचणाऱ्या बायांच्या रांगा. दर थोड्या वेळाने कोणीतरी काहीतरी खायला पुढे करायचं, धपाटे, चटणी, गूळ-शेंगदाणे. शेळीने माझ्या पदराचं एक टोक खाल्लं. परभणीच्या अलीकडे मी तिला रागावले आणि लक्षात आलं की आवाज आला आहे. ट्रॉलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जास्त वेळ सविताने.

ऊन उतरताना गोदावरीचा पूल लागला. बायांनी पाण्याला हात जोडले. पलीकडे ऊस, डोक्याहून उंच, नजर पोहोचेल तिथवर. एका मोकळ्या रानात टोळी उतरली आणि बघता बघता बांबू वाकवून, वर पाचट आणि ताडपत्री टाकून कोप्यांची ओळ उभी राहिली. चुली पेटल्या. मला गंगाखेडात माझ्या जुन्या मैत्रिणीकडे मुक्कामाला जायचं होतं, पण दाविदने थांबायला सांगितलं होतं.

तो आपल्या चार घरांच्या कोप्यांपुढे गेला आणि प्रत्येकाला बोलावून आणलं. सविताने गोधडी अंथरली. ते गायला लागले तसे बाकीचेही जवळ येऊन उभे राहिले, मुकादम गोविंदरावसुद्धा. गाणं झालं. दाविदने छोटी प्रार्थना केली, अडखळत. संपलं असं वाटलं, तेवढ्यात कौसाबाई नावाची एक म्हातारी पुढे आली. नातवंडं सांभाळायला ती टोळीबरोबर आली होती, आणि सुनेच्या जोडीला अजून मोळ्याही बांधायची. हातात कोयता होता. तो दाविदपुढे धरून ती म्हणाली, "माझ्याबी कोयत्यासाठी तुझ्या देवाला सांग बाबा. उद्या पहिला दिवस हाय."

दाविदने माझ्याकडे पाहिलं. माझ्याजवळ उत्तर तयार होतं, आवाजही होता. मी गोधडीवरची काडी उचलली आणि तिच्याकडे बघत बसले.

तो म्हणाला, "आजी, कोयता तिकडं ठेवा. मी तुमच्या हातासाठी मागतो." आणि तिचे दोन्ही हात त्याने हातांत घेतले. भेगा पडलेले, गाठी आलेले हात. त्याने मागितलं की या हातांना इजा होऊ नये, संध्याकाळी ते नातवंडांच्या डोक्यावरून फिरावेत एवढी ताकद त्यांत उरावी. तो अडखळला नाही. त्याने आमेन म्हटलं, आणि कौसाबाईने डोळे मिटूनच म्हटलं, "पांडुरंग, पांडुरंग."

मग रांगच लागली. कोणाचं तान्हं बाळ, कोणाची कंबर, ट्रॅक्टरवाल्याला झोप नीट लागत नव्हती, एकीची बहीण बाळंत व्हायची होती. मुकादमाने आधी सांगितलं की आपलं काही नाही, मग तरी म्हणाला, तळावर आधीच आणून बांधलेल्या आपल्या बैलासाठी मागतात का. दाविद बैलापाशी गेला. सविता चुलीजवळून सांगत होती की पिठलं गार झालं, उद्यासाठी काही ठेवा. कोणी हललं नाही.

मीही उठले आणि रांगेत शेवटी उभी राहिले. इतकी वर्षं मी तरुण पोरांच्या डोक्यावर हात ठेवत आले आहे. माझी पाळी आली तेव्हा दाविदने विचारलं, "मावशी, तुमच्यासाठी काय मागू?" मी म्हटलं, उद्या गाडीत बसायला जागा मिळू दे.

त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. उसाच्या पाचटाचा वास येणारा, खरबरीत, जड हात. जागा मागितली, खिडकीजवळची मागितली. मग म्हणाला, "आणि देवा, त्यांना परत इकडं आण. बोलायला न्हाई. नुसतं बसायला."

मी आमेन म्हणायच्या आत माझ्या मागून कौसाबाईने म्हटलं, "पांडुरंग, पांडुरंग," आणि माझा हात धरून मला पिठल्याकडे ओढत नेलं.